बाजरीच्या दाण्याएवढी

गिरणीच्या कापूस-गोदामामागं पत्र्याची एक लांबट खोली होती. साहेबांच्या कागदांत तिचं नाव काहीतरी इंग्रजी होतं. बायका तिला पाळणाघर म्हणत. छताखालच्या दोन आडव्या नळ्यांना अकरा अकरा झोळ्या टांगलेल्या. एका ओळीतल्या सगळ्या झोळ्या एकाच दोरीनं एकमेकींना जोडलेल्या, आणि दोन्ही दोऱ्यांची टोकं मधोमध बसलेल्या बजाबाईच्या दोन हातांत. ती उजवा हात ओढायची, मग डावा. बावीस लेकरं एका दमात हलायची. ही युक्ती कुणी तिला शिकवली नव्हती. सतरा वर्षं सूत कांड्यांवर गुंडाळायच्या कांडी खात्यात काढल्यावर एका वेळी पुष्कळ धागे सांभाळायची हाताला सवयच लागून गेली होती.

सकाळी पहिला भोंगा झाला की बायका रांगेनं यायच्या. खांद्यावरचं पोर बजाबाईच्या हातात द्यायचं, दुसऱ्या भोंग्याच्या आत खात्यात पोचायचं. त्या घाईतही कुणीतरी म्हणायचीच, मावशी, तुमच्या हितं गिरणीपरीस जास्त भोंगं हायती. बजाबाई म्हणायची, व्हय, पर माझं भोंगं दूध मागत्यात, तुमचा रक्त मागतो. बायका हसत हसत पळायच्या.

बजाबाई मूळची वेळापूरकडची. धोंडीरामाशी लग्न होऊन सोलापुरात आली, आणि आल्यापासून गिरणीत. धोंडीराम मानमोडीच्या साथीत तीन दिवसांत गेला. तोवर तिला तीन लेकरं होऊन गेली होती. तेव्हा पाळणाघर नव्हतं. तिन्ही लेकरं कांड्यांच्या टोपल्यात, यंत्राच्या पायाशी निजायला शिकली. त्या धडधडाटात मूल आपणहून निजत नाही. त्याला बाळागोळी द्यावी लागते. बाजारात जडीबुटी विकणाऱ्या पसाऱ्याकडं मिळायची ती गोळी: काळी, बारीक, वरून जायफळाचा वास, आत अफू. सकाळी एक दिली की संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत मूल आवाज करत नसे. सगळ्याच बायका देत. आईनं दिलेली, सासूनं दिलेली, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. बजाबाईची तिन्ही मुलं वर्ष-दीड वर्षाच्या आत गेली. कुणी विचारलं तर पहिलं हगवणीनं गेलं म्हणायची, दुसरं छातीनं. तिसऱ्याच्या वेळी ती काहीच म्हणाली नव्हती.

सोलापुरातला मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या वर्षी गिरणीनं एक डॉक्टरीणबाई नेमली. ती दर गुरुवारी यायची. पहिल्याच गुरुवारी तिनं झोळीतल्या एका निजलेल्या पोराची पापणी बोटानं वर केली आणि बजाबाईला जवळ बोलावलं.

"बघा. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालीय. हे मूल झोपलेलं नाही, बजाबाई."

बजाबाई बघत राहिली. असे डोळे तिनं पूर्वी पाहिले होते. तीन जोड्या पाहिल्या होत्या, अगदी जवळून, आणि तेव्हा तिला वाटलं होतं की आपली लेकरं किती शहाणी, आईला कामावर त्रास देत नाहीत. त्या दिवशी घरी जाऊन तिनं भाकरी केली नाही. चुलीसमोर नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती बदलली. आलेल्या प्रत्येक बाईला तिनं पोराच्या टाळूवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली: घरी गोळी द्यायची नाही, रडलं तर रडू द्यायचं, हितं मी बघते. बायका कुरकुरल्या. दिवसभर गिरणीत उभं राहायचं आणि घरी पोर किंचाळत ठेवायचं? पण बजाबाई स्वतः त्यांच्यातली होती, आणि तिची तीन गेलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्यापुढं वाद घालणं कुणाला जमलं नाही.

डॉक्टरीणबाईचा हुकूम होता की अफू एकदम बंद. पाळणाघरात गोळी सापडली तर दाईलाही काढतील. बजाबाईनं तो हुकूम पहिल्या पोरावर पाळून पाहिला. एका पद्मशाली विणकरणीचं ते गोरंगोमटं पोर. चौथ्या दिवशी ते ओळखू येईना. पाय पोटाशी घेऊन थरथरत होतं, जुलाब थांबत नव्हते, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत होतं. पाचव्या दिवशी त्याची आजी त्याला घरी घेऊन गेली, तिनं गोळी चारली, आणि दोन तासांत पोर आईच्या अंगावर पिऊ लागलं. आजी ते बजाबाईला दाखवायला मुद्दाम गिरणीच्या फाटकापर्यंत आली होती.

तेव्हा बजाबाईला कळलं की हे विष एका झटक्यात उपटायला गेलं तर त्याच्याबरोबर पोरही उपटून हातात येतं. डॉक्टरीणबाई आठवड्यातून एक दिवस येणार. बाकीचे दिवस आणि बावीस लेकरं बजाबाईची. तिनं कुणाला विचारलं नाही. विचारायचं कुणाला?

तिनं एक पत्र्याची डबी आणली आणि पाळणाघरातल्या दूध तापवायच्या चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली. नवं पोर आलं की पहिला आठवडा ती गोळीचा तांदळाएवढा तुकडा अंगठ्याच्या नखानं कापून गुळाच्या पाण्यात घोळवून देई. पुढचा आठवडा बाजरीच्या दाण्याएवढा. मग मोहरीएवढा. शेवटी नुसतं गुळाचं पाणी. पोरं रडायची, पण मरायची नाहीत. एकेक करून अकरा लेकरं तिनं अशी सोडवली. ती हातपाय झाडायला लागली, मुठीत बोट धरून चोखायला लागली, हसायला लागली. आया म्हणायच्या, मावशीच्या हाताला गुण आहे. डॉक्टरीणबाई तर सांगत सुटली होती की बघा, बंद करता येते. बजाबाई खाली बघायची. या सगळ्याला एकच अट होती: आईनं घरी काही द्यायचं नाही. म्हणून शपथ. आणि म्हणूनच आईला कळता कामा नये. मावशीच देतात म्हटल्यावर शपथ कोण पाळणार?

दुर्गा कांडी खात्यातलीच. विशी-बाविशीची, अंगानं काटकी, बोलायला फटकळ. नवरा जोतीराम साचे खात्यात, मागावर. तिची आधीची दोन जाऊन हे तिसरं, म्हणून दृष्ट लागू नये असं त्याचं नाव येडू ठेवलेलं. सात महिन्यांचा. शपथ घेताना बाकीच्या बायका हात टेकवून उचलायच्या. दुर्गेनं येडूच्या टाळूवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. रोज संध्याकाळी पोर घेताना ती सांगायची की काल रात्रभर रडला, चाळीतल्या बायका भांडायला आल्या, येडूचा बा उठून बाहेर जाऊन झोपला, पण मी न्हाई दिली. हे ती कौतुक मागितल्यासारखं सांगायची, आणि बजाबाई ते कौतुक करायची.

येडू पंधरा दिवसांत मोहरीच्या दाण्यावर आला होता. त्याच आठवड्यात पाळणाघराच्या दारावर नवा कागद लागला. गुरुवारच्या तपासणीत जे मूल आजारी आढळेल, रडकं किंवा जुलाब झालेलं, त्याला आईबरोबर घरी पाठवलं जाईल. बजाबाईला वाचता येत नव्हतं, तिनं फाटकावरच्या महादेवप्पाकडून वाचून घेतला. साथ पसरू नये म्हणून हा कागद होता, आणि तसं पाहिलं तर त्यात वावगं काही नव्हतं. पण कांडी खात्यात एक दिवस घरी गेलेल्या बाईच्या जागी बदली बाई उभी राहायची, आणि ती दुसऱ्या दिवशी हलतेच असं नव्हतं.

त्या गुरुवारी येडूला रात्रीपासून जुलाब होते. दुर्गा त्याला घेऊन फाटकाशी आली तेव्हा तो कण्हत होता. नंतर महादेवप्पानं सांगितलं की ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, कनवटीतून काहीतरी काढलं आणि बोटानं पोराच्या तोंडात घातलं. बायका तिथं उभ्या राहून पोरांना पाजतात, नाकं पुसतात, त्यानं लक्ष दिलं नाही.

पाळणाघराच्या दारात दुर्गा म्हणाली, "आज डागदरीणबाई येणार न्हवं?"

"येऊ दे. तू जा कामावर."

दुर्गा गेली नाही. उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर अशी थांबली. तिला काही सांगायचं होतं. बजाबाईलाही वाटलं की हिला सांगावं, आज याला थोडी जास्त देते, संध्याकाळी तू घाबरू नको. तेवढ्यात दुसरा भोंगा झाला आणि दुर्गा पळाली.

एरवी बजाबाई दहाच्या पाजायच्या सुट्टीनंतर डबी उघडायची. त्या दिवशी डॉक्टरीणबाई नऊला येणार होती. येडू अजून कण्हत होता, पाय पोटाशी घेत होता. मोहरीएवढ्यानं भागणार नाही असं तिला वाटलं. तिनं नखानं बाजरीच्या दाण्याएवढा तुकडा कापला, गुळाच्या पाण्यात घोळवला, बोटानं त्याच्या जिभेवर ठेवला. येडूनं तिचं बोट चोखलं.

नऊ वाजता तो शांत निजला होता. डॉक्टरीणबाई झोळ्यांमधून हळूहळू आली, दुसऱ्या पोरांच्या पापण्या तिनं उचलून पाहिल्या, येडूच्या झोळीशी थांबली. मागच्या गुरुवारी यानंच तिच्या कानठळ्या बसवल्या होत्या.

"हा गुणी झाला की हो. राहू दे, उठवू नका," ती म्हणाली आणि चपला वाजू नयेत अशी पुढं गेली.

दहाला बायका पाजायला आल्या. दुर्गेनं येडूला मांडीवर घेतलं, तोंडाशी धरलं. त्यानं तोंड उघडलं नाही. तिनं गालाला बोट लावलं, तळव्याला चिमटा काढला. मग हातानं पिळून दुधाचे चार थेंब त्याच्या ओठांत सोडले. ते ओठाच्या कोपऱ्यातून मानेवर ओघळले. दुर्गेनं मान वर करून बजाबाईकडं पाहिलं, आणि त्या एका नजरेत दोघींनाही जे कळायचं ते कळलं. फक्त प्रत्येकीला अर्धंच कळलं.

बजाबाईनं दोऱ्या टाकल्या. तिनं येडूला थंड पाण्यात धरलं, उलटा धरला, तळवे कांद्यानं चोळले, खोलीभर घेऊन येरझाऱ्या घातल्या. महादेवप्पा डॉक्टरीणबाईच्या टांग्यामागं धावला. बाकीची एकवीस पोरं हलायची थांबल्यामुळं एकदम रडायला लागली होती आणि त्या गलक्यात बजाबाई येडूच्या छातीला कान लावून ऐकत होती. डॉक्टरीणबाई आली तेव्हा एक वाजला होता. पापणी उचलायची गरज नव्हती, तरी तिनं उचलली.

चौकशी झाली ती त्याच खोलीत. साहेब दारात उभा, डॉक्टरीणबाई खुर्चीवर, जोतीराम भिंतीला टेकून. कुणी विचारण्याआधीच दुर्गा बोलली. मी दिली, ती म्हणाली. फाटकात दिली. आख्खी न्हाई, निम्मी. आज रडला असता तर घरी पाठवला असता. शपथ मोडली. महादेवप्पानं मान डोलावली. साहेबानं बजाबाईला विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं का?

डबी बजाबाईच्या कनवटीला होती. सकाळपासून ती तिथंच राहिली होती.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. आणि हे खरंच होतं.

ती एवढंच बोलली. डबीचं बोलली असती तर पाळणाघराला त्या संध्याकाळी कुलूप लागलं असतं, एकवीसच्या एकवीस पुन्हा यंत्रांच्या पायाशी गेली असती, आणि पुन्हा गोळीवर. हे तिनं मनाशी पुष्कळदा घोकलं. त्यात खोट नव्हती. पण त्या क्षणी तिच्या जिभेला धरून ठेवणारी ती काळजी होती की नुसती भीती, हे तिला पुढं कधीच सांगता आलं नाही.

डॉक्टरीणबाई उठताना तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही केलं तेवढं केलंत. या बायका ऐकत नाहीत त्याला काय करणार?"

डबी तिनं गिरणीच्या भट्टीमागच्या राखेच्या ढिगात खोल पुरली. जी दोन लेकरं अजून सुटायची होती, त्यांना तिनं नुसत्या हातांवर, मांडीवर, मीठ-गुळाच्या पाण्यावर काढलं. एक आठवडा ती घरी गेली नाही. दोन्ही वाचली.

जोतीरामानं दुर्गेला मारलं नाही. चाळीतल्या लोकांना त्याचं नवल वाटलं. त्यानं तिचं गाठोडं बांधलं, टेंभुर्णीजवळ तिच्या भावाच्या वस्तीवर नेऊन सोडलं आणि परत आला.

आणि जे बजाबाईच्या शपथांनी झालं नव्हतं ते आता झालं. बायका घाबरल्या. घराघरांतून गोळ्या बाहेर पडल्या. पुण्याहून दोन बायका पाळणाघर बघायला आल्या, त्यांनी बजाबाईच्या दोऱ्या स्वतः ओढून पाहिल्या आणि डॉक्टरीणबाईनं त्यांना सांगितलं की इथं आता एकही मूल अफूवर नाही. नवी आई आली की जुन्या तिला बजावायच्या, दुर्गीगत करशील. शपथेची गरजच उरली नाही. ते नाव दिवसातून चारदा बजाबाईच्या कानांवर पडायचं, आणि दर वेळी तिला वाटायचं की अर्धं नाव सांगताहेत, उरलेलं कुणीतरी सांगायला हवं.

दोन महिने तिनं काढले. मग तिनं दोन दिवसांची रजा मागितली, एवढ्या वर्षांतली पहिली. कुर्डुवाडीपर्यंत रेल्वे, पुढं सर्व्हिस मोटार, आणि तिथून ज्वारीच्या रानातून चालत. चालताना ती वाक्यं जुळवत होती. तू एकटीनं न्हाई मारलंस. तुझी निम्मी, माझी बाजरीएवढी. एकीचीच असती तर तो निजून उठला असता. हे एकदा तिच्या कानांवर घातलं की पुढं दुर्गा काय करेल ते करो. दगड मारला तरी चालेल. बजाबाईला तर तसंच व्हावं असं वाटत होतं.

दुर्गा वस्तीच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. वाळली होती. बजाबाईला बघून उठली, पाण्याचा तांब्या दिला, धनी बरं हायती का विचारलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. भाऊ आणि भावजय यशोदा रानात, त्यांचं पाच महिन्यांचं पोरही तिकडंच. बजाबाईनं सहज विचारलं, एवढ्या उन्हात पोर रानात कशाला नेलं, तू होतीस की घरी.

दुर्गा शेंगा फोडत म्हणाली, "ठेवत न्हाईत माझ्यापाशी."

मग बजाबाईनं सांगितलं. जुळवलेली वाक्यं सगळी विसरली. डबी, नखानं कापलेले तुकडे, अकरा लेकरं, त्या सकाळी मोहरीऐवजी बाजरी, येडूनं चोखलेलं बोट, सगळं उलटसुलट सांगितलं. साहेबानं विचारलं तेव्हा गप्प बसल्याचंही सांगितलं.

दुर्गेचा चेहरा मऊ झाला. मांडीवरच्या शेंगा बाजूला सारून ती पुढं सरकली आणि बजाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मावशी, तुमी एवढ्या लांब त्यासाठी आलासा? माझं पाप वाटून घ्याया?"

"दुर्गे, खरं सांगते मी."

"तुमी गोळी देताल व्हय? शपथा कुणी घ्याया लावल्या? सगळी गिरणी सांगंल की."

"डबी हुती माझ्याजवळ."

"कुटं हाय मग?"

"पुरली. राखंत पुरली."

दुर्गा रडता रडता थोडी हसली. लहान पोराची थाप ऐकून हसावं तशी. बजाबाईनं येडूची आण घेतली तेव्हा मात्र तिनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"त्याची आण नगा घिऊ. एक मोडलीया मी. माझ्यासाठनं तुमी दुसरी खोटी घिऊ नगा. माझं मला ऱ्हाऊ द्या, मावशी. त्याचं माझ्याजवळ तेवढंच ऱ्हायलंय."

जे द्यायला बजाबाई आली होती ते दुर्गेला नको होतं. पुन्हा सांगितलं तर पुन्हा माया ठरणार. डॉक्टरीणबाईला सांगितलं तर तीही म्हणेल, म्हातारीनं मनाला लावून घेतलंय.

ऊन कलताना यशोदा रानातून आली. डोक्यावर वैरणीचा भारा, कमरेला किरकिरणारं पोर. पाहुणी कोण म्हणून तिनं विचारलं, आणि दुर्गेनं सांगितलं की या बजामावशी, गिरणीतली बावीस लेकरं सांभाळत्यात, इतकी वर्सं झाली, कुणाला खरचटू दिलं न्हाई. यशोदेचा चेहरा उजळला. दुर्गा भारा उतरवायला पुढं झाली, तशी यशोदेनं पोर दुसऱ्या कमरेवर घेतलं, तिच्यापासून लांब.

"ऱ्हाऊ द्या वन्सं, मी उतरवते," ती म्हणाली. आणि पोर उचलून तिनं बजाबाईपुढं धरलं.

"मावशी, जरा धरा ह्याला."

बजाबाईचे हात मांडीवरच होते. ते उचलावेत असं तिला वाटत नव्हतं. पण समोर धरलेलं पोर तिच्याकडं झेपावलं, आणि हातांनी ते घेतलं, जसे इतकी वर्षं घेत आले होते: एक मानेखाली, एक ढुंगणाखाली. पोरानं एकदा नाक घासलं, तोंड उघडलं, मिटलं आणि किरकिर थांबवली.

"बघा," दुर्गा यशोदेला म्हणाली. ती चार हात लांब खांबाला धरून उभी होती. "लेकराला हात कळतो."